‘मुंबई सेंट्रल’ची लांबी

‘मुंबई सेंट्रल’ या नावाची लांबी किती, असं विम या टेक्स्ट एडिटरला विचारून पाहा. स्ट्रलेन() हे फंक्शन सांगतं ३७. स्ट्रचार्स() सांगतं १३. त्याच स्ट्रचार्सला कंसात शेवटी आणखी एक १ दिला की उत्तर येतं ८, आणि स्ट्रडिस्प्लेविड्थ()सुद्धा ८ म्हणतं. तिसरीतलं मूल बोटांवर मोजेल: मुं, ब, ई, सें, ट्र, ल. सहा अक्षरं, मधली मोकळी जागा धरली तर सात. हे सात मात्र विमच्या एकाही तयार फंक्शनातून येत नाही.

यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. प्रत्येक फंक्शन वेगळी वस्तू मोजतं. ३७ हे बाइट आहेत, म्हणजे संगणकाच्या साठवणीतले कप्पे. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि स्पेस एका बाइटाची, म्हणून बारा चिन्हं गुणिले तीन अधिक एक. १३ ही युनिकोडची, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाची, चिन्हं आहेत. त्यात म वेगळा, उकार वेगळा, अनुस्वार वेगळा, ट आणि र यांच्यामधलं हलंतचिन्हही वेगळं. ८ मध्ये उकार, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे आपापल्या आधीच्या व्यंजनाला चिकटवून धरले आहेत, त्यामुळे ‘ट्’ एक झाला आणि ‘र’ दुसरा. स्ट्रडिस्प्लेविड्थचे ८ हे पडद्यावरचे रकाने आहेत.

मी सध्या विमच्या स्क्रिप्टिंग भाषेतल्या, म्हणजे विमस्क्रिप्टमधल्या, स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) हाताळणाऱ्या फंक्शनांचं मराठी डॉक्युमेंटेशन लिहिते आहे. या कामात माझा जीव गुंतला आहे तो नेमका इथे. फंक्शन काय मोजतं हे नोंदीच्या पहिल्याच वाक्यात सांगितलं नाही, तर पुढे कितीही नीट लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या हाती चुकीची गोष्ट पडते. आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्या माणसाला ती चूक पहिल्याच दिवशी भोवते.

हे लिहायची गरज कुठून आली ते सांगते. आमचा एक छोटा गट आहे, दादरला भेटतो. कॉपीराइट संपलेली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करायची, ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, मजकूर काढायचा आणि मग तो माणसांनी वाचून शुद्ध करायचा, हे गटाचं काम. ओसीआर घ आणि ध यांच्यात गोंधळतं, भ चा म करतं, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटलेलाच ठेवतं. यातलं जे पानोपानी येतं ते हाताने करत बसण्यापेक्षा छोट्या स्क्रिप्टने करावं, म्हणून गटातले काही जण विमस्क्रिप्ट शिकले. कॉलेजातली मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. आणि गिरगावातल्या छापखान्यांत उभी हयात मुद्रितशोधन केलेले एक काका आहेत. काका स्वतः स्क्रिप्ट लिहीत नाहीत. पण माझी प्रत्येक नोंद कागदावर छापून त्यांच्याकडे जाते आणि लाल शाईने भरून परत येते. ते वाक्य वाचतात ते त्यात जे लिहिलंय तेवढंच वाचतात. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधून पुढे जात नाहीत. डॉक्युमेंटेशनला याहून चांगला वाचक मिळणार नाही.

विमचं मूळ इंग्रजी हेल्प उत्तम आहे, हे आधी मान्य करायला हवं. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली विम पहिल्यांदा लोकांना वापरायला दिला. योगायोग असा की युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचं ईस्की हे मानकही त्याच सालचं. विमला यूटीएफ-८ नीट समजायला मात्र २००१ साल उजाडलं, सहाव्या आवृत्तीत. हेल्प एडिटरच्या पोटातच असतं. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून विचारा, नोंद समोर येते. काय द्यायचं, काय परत मिळतं, काही सापडलं नाही तर काय होतं, हे सगळं तिथे थोडक्या शब्दांत आहे. मग मराठीत वेगळं लिहायचं कारण काय?

कारण उदाहरणं. स्ट्रपार्ट() या फंक्शनच्या इंग्रजी नोंदीत इंग्रजी वर्णमालेची पहिली सात अक्षरं घेतली आहेत आणि त्यातला तुकडा काढून दाखवला आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटाचं, एका चिन्हाचं आणि पडद्यावर एका रकान्याचं. तिन्ही मोजमापं तिथे जुळतात. म्हणजे उदाहरण बरोबर असतं आणि तरीही वाचणाऱ्याला कळत नाही की तुकडा बाइट मोजून काढला की अक्षर मोजून. मजकुरात ‘बाइट’ हा शब्द लिहिलेला आहे, पण माणूस आधी उदाहरण पाहतो, मग गरज वाटली तर वाक्य वाचतो. आणि उदाहरण त्याला गप्प बसवतं.

आता तिथे ‘परळ’ ठेवा. तीन साधी अक्षरं, ना काना ना मात्रा, नऊ बाइट. स्ट्रपार्टला सांगा की शून्यापासून सुरू कर आणि चार दे. हाती येतो ‘प’ आणि ‘र’चा एक तृतीयांश. विम तो तुटका बाइट कोनाकंसात ‘ई०’ असा दाखवतो, कारण त्या एका बाइटाचं काहीच अक्षर होत नाही. हे उदाहरण एकदा पाहिलेला माणूस स्ट्रपार्ट बाइट मोजतं हे जन्मात विसरत नाही. म्हणून मी ठरवलं की नोंदीतलं पहिलं उदाहरण असं हवं ज्यात बाइट, चिन्ह आणि अक्षर यांची उत्तरं वेगळी येतील. ज्या उदाहरणात सगळी उत्तरं सारखी येतात ते नंतर, हवं तर.

यावरून कुणाला वाटेल की बाइट मोजणारी फंक्शनं वाईट आणि टाळायची. तसं अजिबात नाही, आणि नोंदींमध्ये मी हे जोर देऊन लिहिलं आहे. शोधणारं स्ट्रआयडीएक्स() बाइटांत उत्तर देतं, ‘परळ’मध्ये ‘ळ’ कुठे असं विचारलं तर शून्यापासून मोजून ६ सांगतं. हे ६ स्ट्रपार्टला दिले की बरोबर ‘ळ’ मिळतो. कर्सरची जागा सांगणारं कॉल() बाइटांत बोलतं, पॅटर्न शोधणारं मॅच()सुद्धा. हे सगळं एकच घराणं आहे आणि आपापसांत चोख व्यवहार करतं. दुसरं घराणं चिन्हं मोजणाऱ्यांचं: स्ट्रचारपार्ट(), स्ट्रचार्स(). बिघडतं ते एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्यावर. तेच ६ स्ट्रचारपार्टला दिले तर ‘परळ’मध्ये सहावं चिन्हच नाही, म्हणून रिकामी स्ट्रिंग मिळते. एरर येत नाही. स्क्रिप्ट पुढे जाते आणि पुस्तकाच्या पानावरून एक शब्द नाहीसा होतो.

एका घराण्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर वाट आहे. चारआयडीएक्स()ला बाइटाची जागा दिली की चिन्हाची मिळते, बाइटआयडीएक्स()ला चिन्हाची दिली की बाइटाची. मात्र दोन्ही एरवी चिकटलेली चिन्हं आधीच्या चिन्हातच धरतात. इंग्रजी हेल्पमध्ये ही दोन फंक्शनं वर्णानुक्रमे आपापल्या जागी आहेत, म्हणजे एकमेकांपासून लांब. मी ती शेजारी शेजारी ठेवली आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक ओळ घातली: ‘हे फंक्शन बाइट मोजतं’ किंवा ‘हे फंक्शन चिन्हं मोजतं’.

नवव्या आवृत्तीत, जून २०२२ मध्ये, विमची नवी स्क्रिप्ट भाषा आली. तिच्यात चौकोनी कंसातला आकडा चिन्ह मोजतो, चिकटलेली चिन्हं त्यातच धरून. जुन्या भाषेत ‘परळ’ला चौकोनी कंसात शून्य जोडलं तर तुटका बाइट मिळतो, नव्या भाषेत ‘प’ मिळतो. पण लेन() आणि स्ट्रलेन() नव्या भाषेतही बाइटच मोजतात. म्हणजे नव्या भाषेत ‘परळ’ची लांबी ९ आणि शेवटचं अक्षर २ क्रमांकाचं. हे कुठेतरी ठळक लिहून ठेवलं नाही तर शिकणारा मुलगा शून्यापासून आठपर्यंत फेरा मारेल आणि शेवटच्या सहा वेळा रिकामा हात परत येईल. आम्ही ते ठळक लिहिलं आहे.

स्ट्रआयडीएक्सबद्दल आणखी एक. शब्द सापडला नाही तर ते उणे १ देतं, आणि ओळीच्या सुरुवातीलाच सापडला तर ०. जुन्या विमस्क्रिप्टमध्ये शून्य म्हणजे खोटं आणि शून्य सोडून काहीही म्हणजे खरं. त्यामुळे ‘इफ’च्या पुढे थेट हे फंक्शन लिहिलं तर अर्थ उलटा होतो. शब्द नसताना अट खरी ठरते, शब्द पहिल्याच जागी असताना खोटी. उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का असं विचारायचं, एवढाच उपाय. आणि शोधायचा शब्द रिकामा असेल तर स्ट्रआयडीएक्स ० देतं, उलट्या बाजूने शोधणारं स्ट्रआरआयडीएक्स() मात्र पूर्ण लांबी देतं. या ओळी कुणी वाचत नाहीत असं म्हणतात. मला वाटतं, फंक्शनच्या नोंदीत याच ओळींचं मोल सर्वांत जास्त आहे. सरळ वाटेवर फंक्शन काय करतं ते माणूस स्वतः करून पाहून शिकतो. काठावर काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवावंच लागतं.

टूअपर() आणि टूलोअर() यांच्या नोंदी एका ओळीच्या आहेत. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, मजकूर जसाच्या तसा परत येतो.

अंकांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि आमच्या कामात रोजची. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत १८३१ साली छापला गेला आणि दुसरी आवृत्ती २६ वर्षांनी, १८५७ साली निघाली. गटातल्या सगळ्यांना ही सालं पाठ आहेत, म्हणून मी उदाहरणात तीच घेतली. पानावरून ‘१८३१’ ही देवनागरी अंकांतली स्ट्रिंग उचला आणि तिच्यात २६ मिळवा. जुन्या विमस्क्रिप्टमध्ये उत्तर येतं २६. १८५७ नाही. विमला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी अंक त्याला अंक वाटतच नाहीत, आणि ज्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला अंक नाही तिची किंमत तो गुपचूप शून्य धरतो. मुद्दाम संख्या करून देणारं एसटीआर-टू-एनआर() हे फंक्शनही शून्यच देतं. नवी भाषा निदान स्ट्रिंग आणि संख्या यांची बेरीज करू देत नाही, एरर देते. जुनी देत नाही.

उपाय टीआर() मध्ये आहे. त्याला मजकूर द्यायचा, मग दहा देवनागरी अंकांची एक स्ट्रिंग, मग दहा इंग्रजी अंकांची दुसरी. पहिलीतलं प्रत्येक चिन्ह दुसरीतल्या त्याच क्रमांकाच्या चिन्हाने बदललं जातं, आणि हे फंक्शन बाइट नव्हे तर चिन्हं धरून चालतं. हिशेब झाला की उलट दिशेने पुन्हा देवनागरी. गटातल्या मुलांनी हे वाचल्यावर अनुक्रमणिकांमधले पृष्ठांक तपासायची स्क्रिप्ट लिहिली. ओसीआरने ५ चा ४ केलेला असेल तर पृष्ठांक उतरत्या क्रमाने जाताना दिसतो आणि स्क्रिप्ट तिथे थांबते.

आता काकांकडे येते. स्ट्रचारलेन() या फंक्शनची नोंद त्यांच्याकडून परत आली तेव्हा समासात एकच शेरा होता: ‘पुस्तक = ४? तपासा.’

मी त्यांना फोन केला. म्हणाले, “अगं, पुस्तक या शब्दात चार अक्षरं कुठून आली? पु, स्त, क.”

“काका, ते फंक्शन अर्धा स वेगळा धरतं आणि त वेगळा.”

“धरू दे की. पण मग तू ‘अक्षरं मोजतं’ असं का लिहिलंस? ते अक्षरं मोजत नाही.”

मग त्यांनी छापखान्यातली मोजणी सांगितली. खिळ्यांच्या जमान्यात ‘पुस्तक’ जुळवायला किती खिळे लागतील, हे फाउंड्रीवर अवलंबून असायचं. एका टाइपात ‘स्त’चा सबंध खिळा मिळायचा, दुसऱ्यात अर्धा स आणि त शेजारी बसवायचे. जुळाऱ्याला खिळे मोजावे लागत, केस त्यानुसार भरावी लागे. वाचणाऱ्याला मात्र दोन्हीकडे तीनच अक्षरं दिसत. “खिळ्यांचा हिशेब खिळ्यांचा म्हणून सांगायचा,” काका म्हणाले. “त्याला अक्षर म्हणायचं नाही.”

त्या नोंदीतून ‘अक्षर’ गेलं. आता तिथे असं आहे: मूळ चिन्ह आणि त्याला चिकटलेली चिन्हं मिळून एक, असं मोजतं. हलंत चिकटतो तो आधीच्या व्यंजनाला, पुढच्याला नाही. म्हणून प्रत्येक जोडाक्षराचे दोन किंवा अधिक भाग होतात. शेजारी उदाहरण: ‘पुस्तक’ ४, ‘सेंट्रल’ ४, ‘चर्चगेट’ ५.

काकांची मोजणी ही केवळ सवयीची गोष्ट नाही. युनिकोडनेही ती मान्य केली आहे, पण फार उशिरा. मजकुराचे वाचणाऱ्याला एकसंध वाटणारे तुकडे कसे पाडायचे याचे युनिकोडचे नियम आहेत. व्यंजन, हलंत, व्यंजन ही साखळी देवनागरीसह काही भारतीय लिप्यांत तोडू नये, हा नियम त्यांत सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे ‘स्त’ हा एक तुकडा आहे ही गोष्ट बालवाडीपासून आपल्याला माहीत असलेली, मानकात मात्र काल-परवा लिहिली गेली. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. पुढे त्यांनी विचारलं, विममध्ये मग तीन कसं आणायचं?

त्यासाठी एसटीआर-टू-लिस्ट() आहे. हे फंक्शन स्ट्रिंगमधल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक काढून यादी देतं. ‘पुस्तक’चे क्रमांक येतात २३४६, २३६९, २३६०, २३८१, २३४०, २३२५. यातला २३८१ म्हणजे हलंत. यादीवरून चालत जायचं, प्रत्येक व्यंजन आणि स्वर मोजायचा, पण ज्याच्या लगेच आधी २३८१ आहे तो मोजायचा नाही. प, स, क मोजले गेले, त सुटला. तीन. पाच-सहा ओळींचं काम आहे, मी ते डॉक्युमेंटेशनच्या पुरवणीत देणार होते.

पण काकांचं समाधान तेवढ्यावर होत नाही. त्यांनी ‘अर्थात्’ लिहून पाठवला. शेवटचा त् मोजायचा का? आमची पद्धत तीन सांगते: अ, र्था, त्. शब्द लिहिताना तीन हे पटतंही. पण काका लहानपणापासून वृत्तात श्लोक म्हणत आलेले. भुजंगप्रयातात ओळीला बारा अक्षरं, आणि तिथे शब्दाच्या शेवटचा मोकळा त् स्वतंत्र अक्षर म्हणून मोजत नाहीत, कारण त्याला स्वर नाही. कविता तपासायची असेल तर दोन हवेत, गद्य असेल तर तीन. दोन्ही मोजण्या मराठीतच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तेव्हा आम्ही त्या छोट्या फंक्शनला एक जादा आर्ग्युमेंट दिलं, शेवटचा पाय मोडका असेल तर तो मोजायचा की नाही हे सांगणारं. विमच्या स्ट्रचार्सलाही असंच एक जादा आर्ग्युमेंट आहे, चिकटलेली चिन्हं सोडायची की नाही हे विचारणारं. पूर्वी मला ते उगाच वाटायचं. ज्याने ते घातलं असेल त्याच्यासमोरही अशीच दोन माणसं आपापला बरोबर हिशेब घेऊन उभी असतील, असं आता वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एका अशा गोष्टीवर घालवला जिचं नाव कोणत्याही फंक्शनात नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. या दुसऱ्या शब्दातला आडवा र मराठीचा खास. संगणकावर तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलंत आणि य. दोन, साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर नावाचं चिन्ह, मग य. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर काय उमटतं ते ठरतं. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे. पण स्ट्रचार्स पहिल्याला ५ म्हणतं, दुसऱ्याला ६, आणि स्ट्रलेन १५ व १८. विमला दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का विचारलं तर नाही म्हणतो. स्ट्रआयडीएक्सने एक शोधला तर दुसरा सापडत नाही. वर सांगितलेली आमची अक्षरमोजणीही इथे अडखळते, कारण दुसऱ्या प्रकारात य च्या लगेच आधी २३८१ नसून जॉइनरचा ८२०५ असतो. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या रीती एक करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत. ॲपलमधल्या ‘ॲ’चीही तीच कथा. त्याला २००८ साली स्वतःचं चिन्ह मिळालं, त्याआधीचा मजकूर अ आणि वरची अर्धचंद्र मात्रा अशा जोडीने लिहिलेला.

‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’. मराठीचं कुठलंही पान उघडा, हा र सापडतोच. शेतकऱ्यांवरच्या पुस्तकात ‘शेतकऱ्यांना’ शोधावं आणि निम्मीच पानं मिळावीत, असा हा प्रकार. म्हणून सबस्टिट्यूट() या फंक्शनच्या नोंदीत मी पहिलं उदाहरण हेच दिलं आहे: काहीही शोधण्याच्या, मोजण्याच्या, ताडून पाहण्याच्या आधी र, हलंत, जॉइनर ही तिकडी ऱ आणि हलंत या जोडीने बदलून घ्या. शेवटी ‘जी’ हा फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर ओळीतला पहिलाच बदलेल. ट्रिम()च्या नोंदीतही याचा उल्लेख आहे. ट्रिम दोन्ही टोकांच्या स्पेस, टॅब, नवी ओळ काढतं, न तुटणारी स्पेसही काढतं, पण शब्दाच्या टोकाला राहून गेलेला जॉइनर काढत नाही. तो काढायचा असेल तर ट्रिमला दुसऱ्या जागी तसं सांगावं लागतं.

प्रिंटएफ()चंही लिहायला हवं, कारण शब्दसूची छापताना सगळे तिथे अडतात. छोट्या ‘एस’ने रुंदी दिली की ती बाइटांत धरली जाते आणि मराठी रकाने वेडेवाकडे होतात. मोठ्या ‘एस’ने दिली की पडद्यावरच्या रकान्यांत धरली जाते आणि कडा सरळ येते. एवढाच फरक.

विमची हेल्प दुसऱ्या भाषेत ठेवायची सोय आधीपासूनच आहे, आणि ती फार सुंदर आहे. फाइलच्या नावाला भाषेची दोन अक्षरं आणि शेवटी एक्स: मराठीसाठी ‘एमआरएक्स’. ती डॉक नावाच्या फोल्डरात ठेवायची, हेल्पटॅग्स ही कमांड चालवायची, की मराठीची वेगळी टॅग फाइल तयार होते. हेल्पलँग हा पर्याय मराठीवर ठेवला तर विम आधी मराठी नोंद शोधतो, ती नसेल तर इंग्रजी दाखवतो. म्हणजे काम अर्धं झालेलं असतानाही उपयोगी पडतं. कुणाचंही काही हिरावलं जात नाही, आणि एकेक नोंद लिहिली की तेवढी जागा मराठीची होते. ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यांनी विम फुकट दिला आणि त्याबद्दल द्यायचं असेल तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी द्या असं सांगितलं. आजही विम नुसता उघडला की बरेचदा त्या मुलांची आठवण करून देणारी ओळ समोर येते. जगाच्या एका कोपऱ्यात बसून दुसऱ्याची सोय पाहणाऱ्या माणसाने आपल्या भाषेसाठीही एक जागा मोकळी ठेवलेली होती, हे मला या कामात पुन्हा पुन्हा जाणवतं.

नोंदी कोणत्या क्रमाने लावायच्या, यावर गटात बरीच चर्चा झाली. मूळ हेल्पमध्ये दोन याद्या आहेत, एक वर्णानुक्रमाने सविस्तर आणि दुसरी वापरकर्त्याच्या पुस्तिकेत कामानुसार. काकांचं म्हणणं होतं की ज्याला फंक्शनचं नाव माहीत नाही त्याला दोन्हींचा उपयोग नाही. त्याच्याकडे फक्त प्रश्न असतो. म्हणून आमच्याकडे पहिली यादी प्रश्नांची आहे. शब्द ओळीत आहे का? किती वेळा आहे? शब्दाच्या शेवटचं अक्षर कोणतं? दोन शब्द दिसायला सारखे असून विम वेगळे का म्हणतो? प्रत्येक प्रश्नापुढे फंक्शनचं नाव, ते काय मोजतं, आणि एक मराठी उदाहरण जे आम्ही सगळ्यांनी आपापल्या विममध्ये चालवून पाहिलेलं आहे.

स्ट्रिंगची फंक्शनं संपत आली की लिस्टची घ्यायची असं ठरलं आहे, आणि त्यात सॉर्ट() सर्वांत आधी. ते शब्द लावतं ते चिन्हांच्या क्रमांकांनुसार. युनिकोडमध्ये ळ येतो ल च्या लगेच नंतर, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र क्रमांकच नाहीत, ते क आणि ज यांच्याखाली जाऊन बसतात. त्यामुळे सॉर्टने लावलेली शब्दसूची कोशासारखी लागत नाही. फंक्शनला ‘एल’ दिलं तर ते संगणकाच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे त्यावर ठरवलेल्या भाषा-प्रदेशाप्रमाणे, क्रम लावतं, पण मग उत्तर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळं येऊ शकतं, आणि तेही नोंदीत सांगावं लागेल. ती नोंद बँकेच्या बाईंनी मागून घेतली आहे. त्यांनी कोशाची पानं समोर ठेवून ळ, क्ष आणि ज्ञ यांचे शब्द वेगळे काढायला सुरुवातही केली आहे.